मंगरूच्या हातातली हळद

हे मी मायलेबी सांगतलं नाई. दोस्तायले तर नाईच. आता मोबाइलवर भराभर टाइप करून राह्यलो, कारण थांबलो तर सगळं पुसून टाकीन — मले माहा भरोसा नाई. तुम्ही वळखीचे नाई, तेच बरं हाये.

मी देऊळघाटचा. वय सव्वीस. जवान हाये — लांब जंगलपट्ट्यात, आदिवासी गावायमधी गस्त घालतो. सध्या सुट्टीवर आलो. उद्या गावच्या शाळेत माहा सत्कार हाये. सर म्हणे, पोरायले शौर्याचं काही सांग. काय सांगू?

तिकडं पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. गावातल्या माणसाशी चारचौघांत बोलायचं नाई, नाव घेऊन तर बिलकुल नाई. जंगलात जे बंदूकवाले हायेत, त्यायची माणसं बाजारात फिरत असतात. वर्दीवाल्याशी बोलताना जो दिसला तो खबऱ्या. अन् खबऱ्याचं काय करतात हे मले मालूम होतं. आधीच मालूम होतं — हे ध्यानात ठेवा.

आमच्या रस्त्यावर एका गावात मंगरूचं घर होतं — नाव शेजाऱ्याच्या हाकेवरून समजलं. दारात एक बैल, जू घासून खांदा सुजलेला. आता मी शेतकऱ्याचं पोरगं. आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकतात, हळद-लोणी लावतात. मले ते पाहवलं नाई. मी थांबलो, मोडक्या हिंदीत सांगतलं — हळद लाव, आठ दिवस जू ठेवू नको. त्यानं वर पाह्यलं नाई. दोरी वळत राह्यला. दुसऱ्या गस्तीले तेच. तिसऱ्या गस्तीले तो उठून घरातच गेला.

माह्यासंग आपल्याकडल्याच साखरखेर्ड्याचा एक जवान होता. तो म्हणे, "काय बे डॉक्टर, तो बैलबी तुह्याकडं पाहून नाई राह्यला. दोघायनं मिळून हाकललं तुले."

सगळे हसले. मीबी हसलो. पण — कसं सांगू — आतून जळलो. मी चांगलंच सांगत होतो ना? मंग हा काऊन माजतो? तो माजला नव्हता. तो भ्यायला होता. हे काय मले समजत नव्हतं?

समजत होतं. खरं तेच हाये.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. आमची ड्यूटी तिथंच. मंगरू मिठाच्या दुकानापाशी उभा होता, आजूबाजूले पन्नासेक माणूस. मी हळदीची पुडी घेतली, सरळ त्याच्याजवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला अन् मोठ्यानं बोललो, "मंगरू दादा, कल अपनी जो बात हुई थी ना — ये लो."

काहीच बात झाली नव्हती. तो माणूस माह्याशी एक शब्द कधी बोलला नव्हता.

पुडी मी त्याच्या हातात दाबली. त्यानं ती टाकली नाई — वर्दीवाल्यासमोर कशी टाकीन? अन् धरताबी येईना. हात तसाच पुढं. बाजूचे लोक हळूहळू सरकले. साखरखेर्ड्यावाला माह्याकडं पाहतच राह्यला, म्हणे, "हे काय केलं बे तू?" मी म्हटलं, मजाक. मले तवा मजा आली होती. हे लिहाले बोट उचलत नाई, पण आली होती.

पाचव्या दिवशी मंगरू रस्त्यावर मेलेला सापडला. साहेबानं आमाले उभं करून विचारलं, याले कोण वळखते? साखरखेर्ड्यावाल्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, नाई साहेब. मोठ्यानं म्हटलं.

दुपारी त्याची बायको कॅम्पच्या गेटवर आली. गेटवर मीच होतो, तोंडाले कपडा बांधलेला. तिले काही पाह्यजे नव्हतं. ती म्हणे, खबऱ्याच्या मातीले गाव येत नाई. बाजारात ज्या शिपायानं त्याच्या हातात पुडी देली, त्यानं फक्त येऊन सांगावं, की मंगरू काही बोलला नव्हता. एवढंच. मंग लोक येतील.

एवढंच. माही नोकरी गेली नसती. साहेबाच्या शिव्या खाल्ल्या असत्या, बस.

मी म्हटलं, "ऐसा कोई नहीं है यहाँ."

तिनं परत विचारलं. मी परत तेच सांगतलं, अन् गेटचा आडवा बांबू खाली घेतला.

दिवस मावळायच्या आत तिनं अन् तिच्या पोरीनं, कॅम्पसमोरच्या माळावर, दोघींनीच खड्डा खोदला. दोघींनीच माती देली. गेटवरून दिसत होतं. मी शेवटपर्यंत पाह्यलं.