डबीतला डावा गुडघा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं म्हणालात, "आजी, फाटकापर्यंत चालून दाखव ना." मी फोन फणसाकडे वळवला आणि यंदा किती फणस लागलेत ते सांगत बसले. तुम्ही हसलात, पण माझी टाळाटाळ तुम्हाला कळली असणार. तुमच्यासमोर चालायची मला लाज वाटते. हे फोनवर बोलता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

डावा गुडघा बरीच वर्षं दुखत होता. पण दुखण्यापेक्षा मला छळलं ते खुर्चीनं. आमच्या गावदेवाच्या समाराधनेला सगळी वाडी जमिनीवर एका ओळीत जेवायला बसते. कुणाचं पान कुणाहून उंच नसतं. मला खाली बसणं जमेना, आणि सगळ्यांच्या वर खुर्ची टाकून जेवणं मनाला पटेना. मग मी "पोट बरं नाही" असं सांगून घरीच राहू लागले. लोकांना वाटलं, इंग्रजी शिकलेल्या बाईला आपली पंगत चालत नाही. तो समज मी तसाच राहू दिला. गुडघ्याचं सांगण्यापेक्षा तो बरा वाटला.

शेवटी बेळगावला गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी संशोधन करणारी एक मुलगी खाटेपाशी आली. धारवाडकडची, मला अज्जी म्हणायची. गुडघ्याचा झिजलेला जो भाग कापून काढतात, तो तिला हवा होता. तिनं कागदावर एक गोल काढला आणि त्याच्याभोवती केसांसारख्या रेघा ओढल्या. म्हणाली, ही कूर्चेतली, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तरातली पेशी, आणि या तिच्या अंगावरच्या साखरेच्या बारीक साखळ्या. मला मधुमेह नाही हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली की चहातल्या साखरेशी यांचा संबंध नाही. पेशीला बाहेरून कोण येऊन चिकटणार, हे या साखळ्यांवर ठरतं. सांधा झिजू लागला की साखळ्यांच्या शेंड्याची साखर बदललेली दिसते. मग काही प्रथिनं तिथं घट्ट धरून बसतात, पेशी चिडते आणि स्वतःभोवतीची कूर्चाच कुरतडणारे रस सोडते. साखर बदलल्यामुळे झीज होते की झिजेमुळे साखर बदलते, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. त्यासाठीच तिला माझा गुडघा हवा होता.

मला सगळं समजलं, तरी मी नाही म्हटलं. माझं घर तुम्ही पाहिलं आहे. पाहुणे यायच्या आधी मी पायपुसणंसुद्धा धुऊन ठेवते. आणि अनोळखी माणसांनी माझ्या आतलं ते खरबरीत, कुरतडलेलं काहीतरी दिव्याखाली धरून पाहायचं?

"त्यात बघण्यासारखं काही नाही गं," मी म्हटलं. "पार खराब झालाय."

"अज्जी, चांगला गुडघा कोण कापून देतंय?" ती हसली. "आम्हाला खराबच पाहिजे."

मी सही केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पुढचे दिवस तुमच्या काकूनं मला न्हाणीत बसवलं, उठवलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

घरी आल्यावर शेजारची म्हातारी बघायला आली. वयानं मोठी असूनही ती मला अक्काच म्हणते.

"अक्का, गुडगा तितंच ठेवून आलीस व्हय?"

"हो. तपासायला दिला."

"आन् वर गेल्यावर देवापुढं मांडी कशी घालशील?"

"खुर्ची मागेन."

"तितं मागशील, आन् हितं लाजतीस?" तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. "म्हंजे पोट न्हवतंच. गुडगाच व्हता की!"



समाराधनेला तिनं आपल्या घरची लाल प्लास्टिकची खुर्ची देवळात नेली आणि ओळीच्या मधोमध ठेवली.

"कडेला ठेव गं."

"कडंला कशाला? कडंला कुत्री येत्यात. बस."

माझं पान स्टुलावर मांडलं. वाढणारे वाकत वाकत येत आणि माझ्यापाशी आले की सरळ उभे राहून वाढत. बाकीचे आपापलं जेवत होते. तरी मान वर करून जेवणं मला जमलं नाही. पुढच्या वर्षीही जाणार आहे, पण ही लाज जाईल असं वाटत नाही.

रविवारी फोन कराल तेव्हा फाटकापर्यंत चालून दाखवीन. अजून लंगडते, हसू नका.

त्या मुलीचा परवा फोन आला होता. हाडाचा तुकडा त्यांनी टाकून दिला. कूर्चेतल्या थोड्या पेशी वेगळ्या काढून काचेच्या डबीत ठेवल्या आहेत. त्या अजून जिवंत आहेत.