एन्सलचं फाटक

व्हरडेल स्ट्राउडला कुणी कविता म्हणायला सांगितलं की तो आधी नको नको म्हणायचा. हॅट काढायचा, तिच्या आत बघायचा, पुन्हा डोक्यावर चढवायचा. सगळं नाटक. खरोखरच कुणी सोडून दिलं असतं, तर आठवडाभर बायकोशी धड बोलला नसता.

नेवाडाच्या उत्तरेकडच्या त्या खोऱ्यात कविता हे काही पुस्तकी काम नाही. गुरांमागे जन्म घालवलेल्या माणसांनी ती घोड्यावर बसल्या बसल्या रचायची, तोंडपाठ करायची आणि शेकोटीपाशी, लग्नात, मर्तिकात म्हणायची. हातात कागद धरणाऱ्याकडे लोक कीव आल्यासारखे बघतात. व्हरडेलनं पुष्कळ कविता रचल्या होत्या. त्यातल्या बहुतेक त्याच्यासकट सगळे विसरले. टिकली ती एकच, शेजारच्या रँचवाल्या एन्सल पर्डीवर केलेली.

घडलं होतं ते एवढंच. एका शरदात सगळ्यांनी मिळून डोंगरावरची गुरं खाली आणली, मोठ्या कुंपणात कोंडली आणि फाटकावर एन्सलला ठेवलं. फाटक उघडं राहिलं. रात्रीतून गुरं परत डोंगरावर गेली आणि वर बर्फ पडला. ती खाली आणताना सगळ्या खोऱ्याच्या नाकी नऊ आले. बर्फ वितळायच्या आत व्हरडेलची कविता तयार होती.

*गुरं उतरली डोंगरावरनं, हिवाळा होता दारी,*
*एन्सल म्हणाला, “जा रे सगळे, फाटक माझी जबाबदारी.”*
*सुटला घमघमाट घेवड्याचा, पोटात उठली कळ,*
*फाटक राहिलं सताड उघडं, एन्सलनं काढला पळ!*

एन्सल जेवायला पळाला नव्हता. ओढ्याच्या पातळ बर्फातून एक वासरू आत गेलं होतं, ते ओढून काढायला तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता आणि काकडून अर्धमेला होऊन घरी गेला होता. तेव्हा हे सगळ्यांना माहीत होतं. व्हरडेललाही माहीत होतं. पण वासरू काढण्यात हसण्यासारखं काय आहे? घेवड्यात आहे. म्हणून त्यानं घेवडा घातला आणि लोक पोट धरधरून हसले.

हसू थांबलंच नाही. कुणी दार उघडं टाकलं की पोरं ओरडायची, “दार लाव, एन्सल आहेस का?” वसंतात वासरांना तापल्या लोखंडानं मालकीचा डाग द्यायला शेजारी एकमेकांच्या रँचवर जमत, तेव्हा यजमान ज्याला सांगेल तोच घोड्यावर बसून फास टाकणार, अशी तिथली रीत. न सांगता कुणी दोराला हात लावत नाही. सांगितलं तर तो मान. एन्सलचा हात असा, की धावत्या वासराचे मागचे पाय तो झोपेतही फासात धरेल. पण प्रत्येक यजमानाला तोच विनोद सुचायचा. “एन्सलला फाटकावर ठेवा रे! बघू, या खेपेला राहतो का!” एन्सल मुकाट्यानं फाटकावर जायचा. पुढं पुढं तर कुणी सांगायच्या आधीच जायला लागला.

व्हरडेलला यात काही वावगं वाटलं नाही. खरं तर त्यानं तिकडं पाहिलंच नाही. आपली कविता चालतेय, हे मात्र तो रोज बघत होता.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका जानेवारीत गावच्या सभागृहात काउबॉय कवींचा मेळा भरला. मार्लिस ओकरलुंड नावाची बाई आवाज टिपायचं यंत्र घेऊन आली होती. जुन्या कविता म्हणणारी माणसं चाललीत, त्यांच्याबरोबर कविताही जातील, म्हणून ती गावोगाव फिरून त्या जमवत होती. व्हरडेलला वाटलं, बस, आता मेलो तरी हरकत नाही. आपलं काहीतरी मागं राहणार. त्यानं बूट चकाकवले. बायको, नेल्डा, म्हणाली, “नवरदेवा, मिशीला पण पॉलिश लाव की!”

मंचावर तो झकास सुरू झाला. दुसऱ्या कडव्याला सभागृह डोलायला लागलं. आणि तिसरं कडवं गेलं. साफ गेलं. हजारदा म्हटलेलं कडवं, पण तोंड उघडलं तर आत काही नाही. त्यानं हॅट काढली, आत बघितलं. लोक हसले, त्यांना ते नाटकच वाटलं. व्हरडेलच्या मानेवरून घाम वाहत होता.

तेवढ्यात भिंतीकडच्या खुर्चीतून एक घोगरा आवाज आला. शांत, एकही शब्द न चुकवता.

*“सकाळी पाहावं तर कुंपणामध्ये उरला नुसता वारा,*
*डोंगर हसतो, गुरं हसतात, हसतो मुलूख सारा.”*

एन्सल पर्डी. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, दोघांनी ठरवून केलं. व्हरडेलनं मात्र त्याचा चेहरा पाहिला. त्यावर ना राग होता ना हसू. दुसऱ्याच्या घोड्याचा सुटलेला पट्टा आवळून द्यावा, तसं त्यानं ते कडवं पुरवलं होतं. व्हरडेलनं उरलेली कविता कशीबशी संपवली.

खाली उतरल्यावर त्यानं एन्सलला कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. “तुला पाठ आहे?”

“तू एक कडवं खाल्लंस,” एन्सल म्हणाला. “वाटोळं होत होतं तिचं.”

“पण तू कधी पाठ केलीस?”

“करायला कशाला लागते, लेका? सगळीकडं म्हणतोस तू. माझ्या पोरीच्या, रोवेनाच्या लग्नात म्हणालास. बायकोच्या मर्तिकात जेवणं झाल्यावर म्हणालास. लोकांनी आग्रह केला होता, तुझाही दोष नाही.”

कान तापणं म्हणजे काय ते व्हरडेलला तेव्हा कळलं. लग्न त्याला आठवत होतं. लोक किती हसले तेही आठवत होतं. तेव्हा एन्सल कुठं बसला होता, ते मात्र काही केल्या आठवेना.

तो तडक मार्लिसकडं गेला. “बाई, माझी कविता पुसून टाका.”

“का? सगळ्यात छान तीच झाली! आणि तो मधेच बोलणारा म्हातारा कोण होता?”

“एन्सल.”

“म्हणजे कवितेतला?” ती थबकली. “खरा माणूस आहे तो? मला वाटलं, गोष्टीतलं नाव आहे.” मग ती जरा नरमाईनं म्हणाली, “तुमची नको असेल तर पुसते, तुमचा हक्क आहे. पण माझ्याकडं ही आधीच तिघाचौघांच्या तोंडची आहे. दोघं तर शेजारच्या आयडाहो राज्यातले. फार जुनी आहे म्हणाले, कुणी केली ते कुणालाच माहीत नाही.”

म्हणजे व्हरडेलचं नाव केव्हाच गळून पडलं होतं. राहिलं होतं ते एन्सलचं. त्या रात्री त्यानं जेवणाची ताटली तशीच बाजूला सारली. “बरं नाही का?” असं नेल्डानं विचारलं, तर तो म्हणाला, “लाज वाटतेय.” लग्न झाल्यापासून नेल्डानं हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

मे महिन्यात व्हरडेलच्या रँचवर डाग द्यायचा दिवस आला. या दिवसाची त्यानं अख्खा हिवाळा वाट पाहिली होती. शेजारीपाजारी जमले, लोखंड तापत पडलं, वासरं हंबरायला लागली. एन्सल सवयीनं फाटकाशी जाऊन उभा होता. व्हरडेल आपला सर्वांत चांगला घोडा लगामाला धरून त्याच्यासमोर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “एन्सल, घोडा घे. आज पहिला फास तुझा.”

एन्सलनं घोड्याकडं बघितलं, त्याच्या मानेवर हात फिरवला. मग फास टाकायला उचलतात तसा उजवा हात वर उचलला. तो खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडकला.

“एवढाच जातो आता,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“कोण जाणे. दोर हातात असता, तर कळलं असतं.” त्यानं फाटकाची कडी धरली. “वासरं येतायत. घोडा बाजूला घे.”

दुपारी जेवणाच्या वेळी कुणीतरी ओरडलंच, “व्हरडेल, होऊन जाऊ दे! फाटक!” व्हरडेल म्हणाला, “नाही.” लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. त्यानं मान खाली घातली आणि तो काही केल्या उठेना, तेव्हा कुणाच्या तरी सुनेनं सुरू केली, मग दुसऱ्यानं उचलली, आणि घेवड्यापर्यंत येईतो सगळं अंगण एका सुरात म्हणत होतं. जपून ठेवायला हवी म्हणे! ती कविता कुणाच्या बापाच्यानं मरायची नव्हती.

व्हरडेल ताडकन उठला. “वासरू काढायला गेला होता तो! ओढ्यात! बर्फातून वासरू ओढत होता!”

सगळे थांबले. कौतुकानं त्याच्याकडं बघायला लागले. म्हाताऱ्यानं इतक्या वर्षांनी नवं कडवं जोडलं!

“मग? पुढं?” कुणीतरी विचारलं.

व्हरडेल तोंड उघडून उभा राहिला. पुढची ओळ त्याच्याजवळ नव्हती.

“बस खाली, व्हरडेल,” एन्सल म्हणाला. “यमक जुळायचं नाही त्याला.” आणि तो ताटलीतला घेवडा संपवायला लागला.