सहावा बदल

टाइमआउट झाला की तो राखीव बाकावरून उठायचा, गुडघ्याची पट्टी आवळायचा, जागच्या जागी चार उड्या मारायचा आणि म्हणायचा, "भाऊ, मी गरम आहे हां!"

"गरमच राहा," मी म्हणायचो.

काळाचौकीतल्या आमच्या कबड्डी संघाचा मी व्यवस्थापक. खेळ कळतो म्हणून नव्हे, आवाज मोठा म्हणून. मैदानात सात, बाकावर पाच. त्या पाचांतला शेवटचा तो. असा एक गडी तुमच्याही संघात असेल बघा: पाणी तो देतो, पाय तो चोळतो, फोटोत अर्धाच येतो.

"बसून कंटाळत नाहीस रे?" मी एकदा विचारलं.

"बसतोय कुठे? तुमच्या चुकीची वाट बघतोय."

गेल्या वर्षी अंतिम सामना आमच्या चाळीसमोरच्याच मैदानात होता. त्याने आईला आणून पुढच्या खुर्चीत बसवलं. मोतीबिंदूमुळे तिला लांबचं धूसर दिसायचं.

"भाऊ, आज पाच मिनिटं तरी. आयेने मला कधी खेळताना बघितलं नाय."

"शब्द दिला."

उत्तरार्धात आम्ही वीस गुणांनी पुढे, आणि माझ्या अंगात आलं. एकाला विश्रांती, दुसरा आत. पुन्हा पहिला आत, दुसरा बाहेर. लोक बघतायत म्हटल्यावर हात आणखी जोरात हलायला लागले. तीन मिनिटं उरली तेव्हा त्याला खुणावलं. लाउडस्पीकरवर त्याचं नाव झालं. आईने टाळ्या वाजवल्या. तो रेषेपर्यंत धावला.

पंचांनी हात आडवा धरला. "बदल पाचच. तुमचे संपले."

"नवे गडी तर तीनच गेले, साहेब!"

"बाहेर काढलेला परत आणलात, तोही बदलच. व्यवस्थापक ना तुम्ही?"

तो बाकावर येऊन बसला. आईच्या टाळ्या चालूच होत्या.

आम्ही जिंकलो. सगळे नाचत असताना तो मैदानाच्या कडेला गेला, मूठभर माती उचलली आणि कोऱ्या चड्डीला, कोपरांना, कपाळाला चोळली. मग आईसमोर जाऊन उभा राहिला.

"लागला काय रे?" पदराने त्याचं कपाळ पुसत ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बरो खेळलो मां माझो झील?"

"एक नंबर, काकी."

तो खाली बघत होता.

यंदा तो सरावाला आलेला नाही. बाकावर चौघेच असतात. फोन करायचा म्हणून त्याचं नाव काढतो आणि मोबाइल खिशात टाकतो.

आई मात्र गॅलरीत भेटते. माझी चाहूल लागली की विचारते, "यंदा मॅच कधी हा?"

तारीख ठरायचीय, असं सांगून मी जिना उतरतो.