मधले बोंबील

आमच्या सरांना बोंबील माहीत होता तो रव्यात घोळून तळलेला. नुकता आलेला, अर्धा पारदर्शक, हातातून गळून पडणारा ओला बोंबील मी पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला, तेव्हा ते दोन पावलं मागे सरले.

"हा खराब झालाय का?"

"नाही सर," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सरांचं चुकतंय असं मनात आणायलाही मला भीती वाटायची. आज ती भीती आठवली की स्वतःची कीव येते. सरांची मात्र येत नाही.

घर उरणला, मोरा बंदरावर. वडील होडीवर. आई सकाळची एसटी धरून पनवेलला यायची आणि खांदा कॉलनीत दारोदार मासे विकायची. मी त्याच एसटीत मागच्या सीटवर बसून कॉलेजला यायचे. आईच्या पाटीचा वास माझ्या ओढणीला लागायचा आणि वर्गातल्या मुली खिडकी उघडायच्या. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे पुण्याच्या एका संशोधन संस्थेत अर्ज करायचा होता, आणि त्या अर्जाला सरांचं शिफारसपत्र लागत होतं. ते नाही मिळालं तर पुण्याचं दार बंद. माझं सगळं त्या एका कागदावर अडकलं होतं, आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी सर एका कार्यशाळेला जाऊन आले होते आणि तिथून 'क्लस्टरिंग' हा शब्द घेऊन आले होते. मोजमापं संगणकाला द्यायची, पण कोणता मासा कुठला हे सांगायचं नाही. एकमेकांच्या जवळचे आकडे शोधून संगणक आपले आपण गट पाडतो. सर फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "धिस इज अनसुपरवाइज्ड लर्निंग. शिक्षकच नाही! मशीन स्वतः शिकतं." शिक्षकाशिवाय शिकणं आमच्या विभागात पहिल्यापासूनच चालू होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

प्रबंधाला हा विषय मला मिळाला, कारण मासे माझ्याकडे फुकट होते. बोंबलाची लांबी, डोकं, जबडा, घेर, वजन मोजायचं आणि त्यात नैसर्गिक गट दिसतात का ते पाहायचं. बोंबील मोजणं म्हणजे लेंग्याची ओली नाडी मोजण्यासारखं आहे. ओढला तर लांब होतो, सोडला तर आखडतो. मी स्टीलच्या ताटाला पट्टी चिकटवली आणि प्रत्येक मासा न ओढता, एकाच पद्धतीने त्यावर ठेवत गेले. दोन महिने रोज सकाळी आई मला पिशवीत बारा-पंधरा बोंबील वेगळे काढून द्यायची. तिला मी एवढंच सांगितलं होतं की सगळ्या प्रकारचे दे, एकाच मापाचे नको.

सगळे आकडे भरून झाल्यावर सर माझ्या शेजारी येऊन बसले.

"किती गट पाडायचे, सर? आधी सांगावं लागतं."

"तीन घे."

"तीनच का, सर?"

"अगं, दोन फार कमी वाटतात, चार मॅनेज होत नाहीत. तीन छान दिसतात."

पडद्यावर तीन रंगांचे तीन पुंजके उमटले. एकमेकांपासून लांब, मध्ये स्वच्छ मोकळी जागा. सर खुर्चीतून उठलेच. "थ्री नॅचरल ग्रुप्स! कोणी सांगितलं त्याला? कोणीच नाही!" त्यांनी विभागप्रमुखांना बोलावलं, शिपायाला चहा सांगितला. आठवड्याभरात त्या आलेखाचं भलंमोठं पोस्टर होऊन कॉरिडॉरमध्ये लागलं. खाली सरांचं नाव ठळक, माझं बारीक. बोंबलाच्या तीन जाती एकाच खाडीच्या तोंडाशी सापडल्या, असं सर आता ज्याला त्याला सांगत होते. मलाही खूप अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

पुढच्या रविवारी घरी आई मोरीपाशी कालवणाचे बोंबील साफ करत होती. मी सहज एक उचलला. दोन महिन्यांत हाताला सवय झाली होती. हा मोजलेल्यांतला नाही, असं बोटांनाच वाटलं. पट्टी आणून लावली. लांबी नेमकी मोकळ्या जागेतली. दुसरा लावला, तोही तिथलाच. तिसराही.

"आगो, कालवनाचा बी मोजतंस काय?" आई हसायला लागली.

"आये, तू मला मासे कसे काढून द्यायचीस?"

"कसं म्हंजे? वाट्यातनं. मोटं हाटेलवाल्याचं, त्याच्या खालचं दाराव इकायचं, बारकं वलांडीव सुकवायचं. तीन वाटं. तिन्नीतनं चार-चार, पाच-पाच दिलं तुला."

"आणि हे?"

"हे मदलं. ना हाटेलात चालत, ना दाराव, ना वलांडीव. दारावची बाई बोलते, येक मोटा येक बारका कनाला देतेस गो? म्हनून आपन खातो."

"मग यातले मला का नाही दिलेस?"

आई विळीवरून वर बघून म्हणाली, "मास्तराला काय मदलं देयाचं? काय बोलंल तो?"

मी पट्टी खाली ठेवली. संगणकाने खाडीत काही शोधलं नव्हतं. आईने पहाटे धक्क्यावर जे तीन वाटे घातले, तेच त्याने परत लावून दाखवले होते. आणि ती स्वच्छ मोकळी जागा आम्ही दोन महिने भाताबरोबर जेवत होतो.

सरांना सांगायला मला चार दिवस लागले. अडखळत, दोनदा सॉरी म्हणत सांगितलं.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हे बघ, खाल्लेल्या माशांचा डेटा नसतो. जो आहे तो डेटा."

"पण सर, निवड आईची होती..."

"तुझी आई काय सायंटिस्ट आहे?" ते हसले. "पोस्टर लागलंय. आणि तुला लेटर पाहिजे ना?"

एवढंच बोलले ते. आवाजही चढवला नाही. त्यांच्या बोटाला तळलेल्या वड्याचं तेल होतं आणि त्याच बोटाने ते माझ्या प्रबंधाची पानं उलटत होते, न वाचता. भीतीच्या खाली मला दुसरंच काहीतरी पहिल्यांदा जाणवलं. त्याला तुच्छता म्हणतात, हे नंतर कळलं. आपल्याला शिकवणाऱ्याबद्दल असं वाटू शकतं, याचीच मला जास्त लाज वाटली.

मी आईला सांगितलं, आता वाटे घालायच्या आधी दे. जाळ्यातून पडले तसे, हात घालून वर आले ते. आई वैतागली. "मास्तराला काय वाटंल?" तरी दिले. मी तीन आठवडे पुन्हा मोजले. या वेळी पडद्यावर बारक्यापासून मोठ्यापर्यंत एकच लांबट ढग आला. मोकळी जागा कुठेच नव्हती. तीन गट पाड म्हटलं होतं म्हणून संगणकाने त्या अख्ख्या ढगाचे मुकाट्याने तीन तुकडे केले आणि त्यांना तीन रंग दिले. सांगाल तेवढे तुकडे तो करतो. त्याबाबतीत तो माझ्यासारखाच आज्ञाधारक होता.

प्रबंधात मी हा दुसरा आलेख घातला. आईच्या वाट्यांचं एक पानही लिहिलं. प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला. आता पत्र गेलं, पुणं गेलं. सरांनी शेवटचं पान काढलं, सही केली, प्रबंध परत दिला. फोनवर कोणाशी तरी फ्लॅटबद्दल बोलत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. आदल्या दिवशी सर म्हणाले होते, "परीक्षकांच्या जेवणाला आईला जरा चांगले बोंबील द्यायला सांग." आईने मोठा वाटा दिला, आणि पैसे घेतले नाहीत.

परीक्षकांनी माझ्या आलेखाचं पान उघडलं. सर शेजारून वाकून म्हणाले, "सी सर, थ्री क्लिअर क्लस्टर्स."

"व्हेरी क्लिअर," परीक्षक म्हणाले.

मी बघत राहिले. अखंड ढग होता तो. लाल संपतो तिथे निळा चिकटून सुरू होत होता. त्या दोघांना रंग तेवढे दिसले होते.

"सर," मी म्हटलं, "हे गट वेगळे नाहीत. एकच आहे. आधीचं पोस्टर चुकीचं आहे, ते का चुकलं ते मी पुढच्या पानावर..."

सरांचं तोंड लाल झालं. परीक्षकांनी पान उलटलं नाही. घड्याळ बघितलं. "मार्जिन थोडं कमी आहे," ते म्हणाले. "बाकी गुड वर्क." आणि सगळे जेवायला उठले.

मला प्रथम श्रेणी मिळाली. पत्र मिळणार नाही, असं धरून मी चार दिवस सरांच्या केबिनकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी शिपायाने बंद पाकीट आणून दिलं. आत सगळ्यांना दिलं जायचं तेच छापील पत्र होतं. त्यात मी मेहनती, आज्ञाधारक मुलगा होते. नाव तेवढं हाताने भरलं होतं. या कागदासाठी मी कित्येक आठवडे नीट झोपले नव्हते, आणि तो देणाऱ्याला मी मुलगी आहे हेही बघायचं सुचलं नव्हतं.

ते पत्र मी पुण्याला पाठवलं. मला ते हवं होतं. ही गोष्ट सांगताना बहुतेकदा मी एवढी ओळ गाळते.

कॉलेज सोडायच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. पोस्टर जागेवर होतं. दोन पुंजक्यांमधल्या पांढऱ्या जागेत मी पेनाने, बारीक अक्षरात लिहिलं, 'इथले आम्ही खाल्ले.' मग आई एसटी स्टँडवर थांबली होती म्हणून निघाले.

दोन वर्षांनी दाखला घ्यायला गेले तेव्हा पोस्टर तसंच होतं. माझं वाक्यही तसंच. कोणी वाचलं नव्हतं.