अकरावा फोटो

उस्मानाबादच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे नकलनवीस वर्षाला फक्त बारा फोटो काढत. पण त्या बारा फोटोंसाठी त्यांनी जेवढं जग पाहिलं, तेवढं आम्ही बाकीच्या कारकुनांनी मिळून उभ्या जन्मात पाहिलं नसेल. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या धामधुमीत हैदराबादेला परत निघालेल्या एका साहेबानं आपला काळा पेटी-कॅमेरा त्यांना देऊन टाकला. त्यात बारा फोटोंचा रोल बसे. महिने बारा, फोटो बारा. तेव्हा महिन्याला एकच, असा नकलनवीसांनी स्वतःच स्वतःला हुकूम काढला. जुन्या कागदांच्या प्रती उतरवायच्या आणि तळाशी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ लिहून सही ठोकायची, ही त्यांची नोकरी. म्हणत, “दिवसभर नकलाच करतो, राव. महिन्यातून एक तरी अस्सल नको का?”

तो एक अस्सल ठरवता ठरवता मात्र त्यांचा महिना संपत येई. संध्याकाळी भर बाजारात एक तळहात पसरून ते उभे राहत आणि दुसऱ्या हाताच्या बोटाची सावली त्यावर पाडून उन्हाची धार जोखत. एकदा येरमाळ्याहून देवीचं दर्शन घेऊन आलेल्या एका म्हातारीनं त्या पसरलेल्या हातावर मुकाट्यानं प्रसाद ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि मला म्हणाले, “ऊन अजून कडक आहे. अर्धा तास थांबू.” मी थांबलो. त्यांच्याबरोबर थांबण्यात माझं अर्धं तारुण्य गेलं, आणि ते वाया गेलं असं मला कधी वाटलं नाही.

मुरूमला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरा-नवरी भरदुपारी खुर्च्यांवर ताठ बसले, आणि हे म्हणाले, “डोक्यावर ऊन आहे. नवरीच्या डोळ्यांखाली खड्डे दिसतील. चारला बघू.” नवऱ्याचा मामा भडकला. “ओ फोटोवाले, तुमच्या सावलीसाठी वरात थांबवायची व्हय?”

“वरात जाऊ द्या की. ही दोघं ठेवा फक्त.”

कोण ठेवणार? त्या महिन्याचा फोटो मिळाला तो आचाऱ्याला: पातेल्याला टेकून, झारा छातीशी धरून झोपलेला. नवरीचा बाप रोल संपेपर्यंत बोलला नाही. मग सोलापूरहून फोटो धुऊन आला, तो त्यानं पाहिला, आणि स्वतःच एक प्रत मागून नेली.

त्यांना खरा फोटो हवा होता तो आक्काचा. ही त्यांची थोरली बहीण. लहान वयात कपाळ पांढरं झालेलं. आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. ढोकीला राहायची. हे चार वर्षं मागं लागले होते, आणि तिचं एकच उत्तर, “आमच्यासारखीचा फोटो कुणी भितीला लावतं व्हय रं?” पण एका कार्तिकात भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता ती अचानक म्हणाली, “काढ बाबा एकदाचा.” हे गडबडीनं मागं सरकले ते थेट शेणाच्या पाटीत बसले. आक्का खदखदून हसली. तेवढ्यात, शेणात बसल्या बसल्या, यांनी खटका दाबला. तो त्या रोलातला अकरावा फोटो. आठ दिवस कचेरीत दुसरा विषय नव्हता.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही, ते सांगतो. एका दुपारी साहेबांनी बोलावलं म्हणून ते कॅमेरा टेबलावर ठेवून आत गेले. ते हसू मला पाहायचं होतं. मी झाकण उघडलं. आत कागद दिसला. म्हटलं, फोटो त्याच्याखाली असतील. ओढून खिडकीशी धरला. नुसती कोरी पट्टी. तशीच गुंडाळून परत ठेवली. मॅट्रिक पास माणूस मी, पण एवढं ठाऊक नव्हतं.

ते चारच दिवसांत ठाऊक झालं. शिपायानं पुसायला कॅमेरा उचलला, तसे ते ओरडले, “झाकणाला हात लावू नको! उजेड सगळं खाऊन टाकील!” मी फाइलीत डोकं घातलं. तेव्हा आक्का धडधाकट होती. ढोकी तासाभरावर. मी एक वाक्य बोललो असतो, तर त्याच रविवारी दुसरा फोटो निघाला असता. उद्या बोलू, परवा बोलू, असे दोन महिने गेले. तिच्या हसण्याशेजारी काय ठेवावं ते न सुचून त्यांचा बारावा फोटो अडला होता. माघात आक्का गेली.

तेराव्यानंतर ते कामावर आले आणि पहिलं वाक्य बोलले, “फोटो आहे, राव. तेवढं बरं झालं.”

रोल सोलापूरला गेला. सुरुवातीचे चार फोटो आले. बाकी पट्टी काळीठिक्कर. ती त्यांनी बराच वेळ उजेडात धरली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “शेणात आपटलो तेव्हा झाकण उघडलं असणार. मीही हसत होतो ना, पाहिलंच नाही.” पुढं कुणी नवखा कॅमेरा घेऊन आला, की ते स्वतःच्या या चुकीचा दाखला देत. मी शेजारी बसून ऐकत असे.

ते निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. चहा पुढं केला. म्हणाले, “लई चांगले आहात तुम्ही. पण माझी चूक कशाला अंगावर घेता?”

“अहो, खरंच मी उघडलं होतं. शप्पथ.”

“असू द्या, असू द्या. माझ्या समाधानासाठी शपथा कशाला वाहता?” मग माझ्याकडं पाहता पाहता त्यांचे डोळे बारीक झाले. “हलू नका. उजेड चांगला पडलाय.” आणि त्या महिन्याचा फोटो त्यांनी माझा काढला.

ते जाऊनही आता बरेच दिवस झाले. तो फोटो आमच्या बायकोनं बैठकीत लावलाय. येणारे-जाणारे म्हणतात, काय सात्त्विक चेहरा आलाय तुमचा. ती त्यांच्या हाताची करामत. मी तर तेव्हा ते कधी एकदा चिडतात, याची वाट पाहत होतो.