धावपट्टीच्या टोकाला राहणाऱ्या वासंतीताई

वासंतीताई तेलंग यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या शाळेच्या दारात. तेव्हा मी गावच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. प्रार्थना नुकतीच संपली होती. साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या, पायांतले कॅनव्हासचे बूट त्यांनी उंबऱ्याबाहेर काढून ठेवले आणि म्हणाल्या, "मुख्याध्यापक आपणच ना? उद्या सकाळी सड्यावर पहिलं विमान उतरणार आहे. आवाज मोठा होईल. मुलं घाबरू नयेत, म्हणून सांगायला आले."

सडा म्हणजे आमच्या गावाच्या माथ्यावरचा जांभ्या दगडाचा उघडा माळ. मुंबईच्या काही मंडळींनी तो विकत घेतला होता. मधोमध डांबरी धावपट्टी झाली होती, दोन्ही बाजूंना घरे उभी राहिली होती आणि प्रत्येक घराशेजारी मोटारीऐवजी विमान ठेवायची मोठी शेड होती. या साऱ्याविषयी गावात कुणी येऊन एक शब्द सांगितला नव्हता. कोणी म्हणे मंत्र्यांसाठी चालले आहे, कोणी म्हणे सिनेमावाल्यांसाठी.

"विमान कोण उतरवणार?" मी विचारले.

"मीच," त्या म्हणाल्या. "आपण मुलांना घेऊन आलात तर बरं होईल. कुंपणाबाहेर उभं राहून नको, आत या."

दुसऱ्या दिवशी सारी शाळा सड्यावर गेली. दोन माणसांचे ते छोटे विमान उतरले, थांबले आणि त्यातून कालच्याच बाई खाली आल्या, तेव्हा आमच्या मुलींनी जो गलका केला, तो मी आजवर विसरलेलो नाही. त्या दिवशी गावाने वसाहतीचे नावही ठेवून टाकले, इमानवाडी; विमानाला इकडे इमान म्हणतात. फाटकावर इंग्रजी नावाची मोठी पाटी आहे. पण टपालही आता इमानवाडीच्याच पत्त्यावर येते.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वैमानिक शिष्यांनी त्यांच्या उड्डाणांविषयी लिहिले आहेच. वैमानिक प्रशिक्षक म्हणून त्यांनी किती जणांच्या हाती आकाश दिले, ते सांगण्याचा अधिकार त्या शिष्यांचा. मी जमिनीवरचा माणूस. मी शेजारधर्माविषयी लिहिणार आहे.

वसाहतीतील बहुतेक मंडळी थंडीत येतात, चार दिवस राहतात, सकाळी उडून दुपारच्या जेवणाला परततात आणि मग घरे बंद होतात. ताई आणि त्यांचे यजमान कमलाकरराव मात्र बारा महिने इथेच राहू लागले. कमलाकरराव विमानाचे अभियंते. धावपट्टीच्या पश्चिम टोकाच्या भूखंडावर त्यांनी आपली शेड स्वतःच्या देखरेखीखाली, बरीचशी स्वतःच्या हातांनी बांधली. शनिवारी शाळा सुटली की आमची मुले त्या शेडमध्ये जात. ताई कागदाची पट्टी ओठांशी धरून तिच्यावरून फुंकर मारत. पट्टी वर उचलली जाई. पंख का उचलला जातो, हे माझ्या मुलांना पुस्तकातून नव्हे, त्या फुंकरीतून कळले.

ताईंची शिस्त मोठी कडक. एकदा तालुक्यातील एक वजनदार पुढारी विमानातून फेरफटका मारायला म्हणून आले. बरोबर माणसे होती, फोटोवाला होता. ताईंनी समुद्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, "साहेब, आज नाही. मला वारा बरा वाटत नाही." त्यांना सोलकढी पाजून त्यांनी परत पाठवले. गंमत अशी की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पानही हलले नाही. पुढारी रागावले, गावात चेष्टा झाली. मी ताईंना तसे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. "वारा आला नाही, हे चांगलंच झालं की! पण पुन्हा तसं वाटलं, तर पुन्हा नाहीच म्हणेन."

तिसऱ्या वर्षी कमलाकरराव हृदयविकाराने गेले. ताई पुण्याला मुलाकडे जातील, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. त्या गेल्या नाहीत. रोज सकाळी शेडचा दरवाजा उघडायच्या, यजमानांची हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवायच्या. विमान बाहेर निघो वा न निघो, हा परिपाठ चुकला नाही.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसलो, त्याकडे येतो. आमच्या गावाची एक वाडी खाली किनाऱ्याला आहे. तिथल्या बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन घाटी चढतात आणि सड्यावरून पलीकडच्या एसटी थांब्यावर जातात. ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांची. मधे धावपट्टी आली, तरी वाट होती तिथेच राहिली. पहिली काही वर्षे दोन्ही बाजूंनी सांभाळून घेतले गेले. मग एका सकाळी वसाहतीतील पारेख यांचे विमान उतरत असताना खालच्या वाडीतली मासळीवाली जनाबाय नेमकी धावपट्टीच्या मधोमध होती. पारेखांनी शेवटच्या क्षणी विमान वर उचलले. जनाबाय आडवी पडली, म्हणून वाचली.

वसाहतीने लगेच सभा घेतली आणि सगळीकडून तारेचे उंच कुंपण घालायचे ठरवले. गाव बिथरले. मग दोन्हीकडची एकत्र सभा भरली. दोन्हीकडचे बोलणे दोन्हीकडे नीट पोहोचावे म्हणून मला मध्ये बसवण्यात आले.

"गुरुजी, ह्यांका सांगा," जनाबाय म्हणाली, "इमान माज्या डोक्यावरसून गेला. बांगडे सगळे सड्यार पडले. ता ऱ्हवांदे. पन माजी सासू ह्याच वाटेन गेली, मी पन ह्याच वाटेन जातंय. आता कुंपण घातलास तर आमी काय उडान जावचा?"

पारेख काही क्रूर माणूस नव्हेत. "माझ्या हातून एक बाई मेली असती," ते म्हणाले. "मला त्या दिवसापासून झोप नाही. वाट बंद झालीच पाहिजे."

खोटे कोणीच बोलत नव्हते, आणि म्हणूनच तोडगा निघत नव्हता. आवाज चढू लागले. कोर्टाची भाषा सुरू झाली. मग ताई उभ्या राहिल्या.

"पारेख म्हणतात ते बरोबर आहे. चालत्या धावपट्टीवरून माणसांची वाट असता कामा नये. मी कुणा शिष्याला तसं चालू दिलं नसतं. आणि जनाबाय म्हणतात तेही बरोबर. पाटी डोक्यावर घेऊन त्यांनी अख्ख्या सड्याला वळसा घालावा, हे मला मान्य नाही. धावपट्टी हलवता येत नाही. वाट हलवता येते."

"ती खंयसून?" सरपंचांनी विचारले.

"पश्चिम टोकाच्या पलीकडून. तिथे जमीन उतरती आहे, वरून विमान गेलं तरी डोक्यावर भरपूर अंतर राहतं."

"तिथे तर तुमची शेड आहे," पारेख म्हणाले.

"आहे," ताई म्हणाल्या. "ती मी काढते."

ती शेड कमलाकररावांच्या हातची, हे सभेत साऱ्यांना ठाऊक होते. जनाबायच पुढे झाली. "नको गो बाय. घोवाच्या हातचा मोडून आमका वाट कित्याक?"

ताईंनी तिचा हात हातात घेतला. "त्यांनी ती विमानासाठी बांधली, जनाबाय. माणूस विमानाखाली येऊ नये, म्हणून काढली तर ते रागावणार नाहीत." एवढे बोलून त्या खाली बसल्या. त्यांचा आवाज शेवटपर्यंत स्थिर होता; हात मात्र जनाबायच्याच हातात राहिला.

शेड उतरवायला गवंडी आले, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. ताई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पहिला पत्रा निघाला तेव्हा त्यांनी मान वळवली, मग पुन्हा समोर पाहिले. विमान बाहेर काढून उन्हात उभे केले होते. त्याचे पुढे काय, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. विकायचे त्यांनी मनाशी ठरवले होते, हे मला मागाहून कळले.

दुपारी पारेख आले. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. विमानाच्या पंखाच्या दांडीला त्यांनी खांदा लावला आणि म्हणाले, "माझ्याकडे अर्धी शेड रिकामी आहे. गुरुजी, तुम्ही त्या बाजूने ढकला." ताई उठल्या आणि शेपटाकडून त्यांनीही हात लावला. आम्ही तिघे म्हातारे ते विमान धावपट्टीच्या कडेने हळूहळू ढकलत नेत होतो. अर्ध्या वाटेत ताईंच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. त्यांनी ते पुसले नाही आणि चालणेही थांबवले नाही.

वाट झाली. कुंपणही झाले, पण वाट सोडून. ताईंनी अंगणात बाक बांधला. घाटी चढून आलेल्या बायका तिथे पाटी उतरवतात, पाणी पितात. ताई आता मालवणी बोलतात. बोलतात म्हणजे धीटपणे चुकीचे बोलतात, आणि बायका हसून हसून बेजार होतात.

ताईंनी उड्डाण आता थांबवले आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर वैमानिकाच्या आसनात बसायचे नाही, हा निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला. मुलगा पुण्याला बोलावतो आहे. त्याचेही चुकत नाही. त्या जातील की राहतील, हे लिहिताना मला ठाऊक नाही, आणि विचारायचा धीर होत नाही.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि त्यांचे गुडघे शाबूत राहोत, हे साकडे आम्ही ग्रामदेवतेला घातलेच आहे. बाकीचे मला नीट मांडता येत नव्हते. परवा त्या बाकावर बसून जनाबायनेच ते सरळ सांगून टाकले, ते तिच्याच शब्दांत इथे देतो:

"शंभर वर्सां जगा, बाय. लेकाकडे खुशाल जावा. पन चार दिसांनी परत येवा. आमका तुमची सवय झाली."