देव्हाऱ्यात दिवसभर राहिलेलं प्रोटीन

या, अशा जवळ सरकून बसा. आणि पहिले माझी तक्रार ऐका — वाचकांच्या अनुभवांच्या या पानावर नुसती भुतं काय लिहिता हो तुम्ही? आनंदाचं आक्रीत कोणाबरोबर होतच नाही का? मी तर असल्या गोष्टी मानणारी बाईच नाही. देवाला रोज हळदकुंकू वाहते, पण कोणी चमत्कार सांगायला लागलं की उठून कढी हलवायला जाते. तरी हे झालं... आणि माझ्याच हातून झालं.

आम्ही इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत राहायचो. ह्यांची कापडाची मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. सगळी नोकरी वाइंडिंग खात्यात, बॉबिनांवर सूत गुंडाळण्यात गेली, आता दिवसभर खिडकीशी बसायचे. बोलणं म्हणाल तर हो-नाही, बस. मुलगी सुनंदा विद्यापीठात पीएचडी करत होती. तिला एक प्रोटीन हवं होतं, परदेशातल्या लॅबमधलं. सहा महिने पत्रं लिहून एक ट्यूब मिळाली — एकच! तिच्यावर पोरीचं सगळं काम अडलेलं. विद्यापीठाच्या ऑफिसात पार्सलं पडून राहतात म्हणून तिने पत्ता घरचा दिला, आणि पार्सल दोन दिवस आधीच हजर. वैशाखातली सकाळ, आणि सुनंदा बेटम्याला मावसबहिणीच्या हळदीला गेलेली.

थर्माकोलचा डबा उघडला तर आतून धूर! मध्ये करंगळीच्या पेराएवढी ट्यूब. आमच्याकडे नवी वस्तू आली की पहिले देवापुढे. मी ट्यूबला हळदकुंकू लावलं, देव्हाऱ्यात ठेवली, आणि तो धुराचा बर्फ मोरीत ओतून दिला. मग काय विचारता — शेजारची भाभी धावत आली, "काकीजी, नाली में आग लग गई क्या?"

संध्याकाळी सुनंदा आली, देव्हाऱ्यात बघितलं आणि ट्यूब उचलून ओरडली.

"आई, हे उणे ऐंशी डिग्रीत ठेवायचं असतं! मेलं गं ते!"

"मेलं? मतलब... जीव होता त्यात?"

ती रडतेय, मी रडतेय. आणि खिडकीजवळून ह्यांचा आवाज आला, "पण ते करतं काय?"

सुनंदाने डोळे पुसत सांगितलं. आपल्या पेशीपेशीत लांबच लांब दोरा असतो, बॉबिनांवर गुंडाळलेला. हे प्रोटीन त्या बॉबिना सरकवतं. दोरा मोकळा झाला की मगच त्यावरचं वाचता येतं. प्रोटीन माणसाचं, पण किड्यांच्या पेशींकडून बनवून घेतलेलं.

"अगंबाई, आणि मी त्याला कुंकू लावलं!"

हे उठून उभे राहिले. "म्हणजे वाइंडिंगच की! अगं वेडे, नुसतं बघून माल खराब म्हणतात का? मशीनवर चढव, चालव, मग बोल." वर्षभरात इतकं लांब वाक्य ऐकलं नव्हतं मी! शर्ट चढवला, ट्यूब बर्फात घातली आणि बापलेक टेम्पोने विद्यापीठात.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुनंदा दारातूनच ओरडत आली. प्रयोगाची एक्स-रेसारखी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "बाबा, हा पट्टा इथे होता, आता इथे आला. सरकली बॉबिन! जिवंत आहे ते!"

ह्यांनी चष्मा लावून निरखलं. "दोरा साफ आलाय," म्हणाले, आणि थेट जिलेबी आणायला गेले. गल्लीत कोणी विचारलं की छाती काढून सांगायचे, "अपनी बिटिया ने बॉबिन सरका दी, भिया!"

तिचे सर मात्र मान हलवत राहिले. असं होऊच शकत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी दुसरी ट्यूब आली, तेव्हा त्यातले दोन थेंब मुद्दाम दिवसभर बाहेर ठेवले. एक लॅबमध्ये आणि — सुनंदाचा हट्ट — एक आमच्या देव्हाऱ्यात, हळदकुंकवासकट. दोन्ही मेले. म्हणजे देवाचंही नाव घेता येईना! मी दोन दिवस रुसले त्याच्यावर.

सुनंदा डॉक्टर झाली. तिने आपल्या वहीत त्या पहिल्या ट्यूबपुढे लिहिलंय, "कारण कळलं नाही." मी विचारलं, असं लिहिलेलं चालतं? म्हणाली, "आई, खरं तेच लिहायचं."

तर मीही तेच लिहिते. तुमच्यापैकी कोणाला कारण सुचलं तर पत्रबित्र लिहू नका, घरी या. आमचे हे अजूनही कोणी आलं की दोन तास बॉबिना समजावतात, मी भुट्ट्याचा कीस करते. आणि कारण नाहीच सुचलं... तर मग अजून लवकर या.